सोन्याची पट्टी, कथलाचं सॉकेट

24 ऑगस्ट 1995 रोजी विंडोज 95 बाजारात आलं आणि घरोघरच्या कॉम्प्युटरांना मेमरी अपुरी पडू लागली. 4 मेगाबाइट रॅम असली की चालेल, असं मायक्रोसॉफ्ट सांगत होती. चालायचं, पण एक खिडकी उघडून दुसरी उघडेपर्यंत हार्ड डिस्क खरखरत राहायची. 8 हव्यातच, 16 असतील तर सोन्याहून पिवळं, असं दुकानदार म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्याच महिन्यात 15 ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं होतं. ज्यांच्याकडे मशीन होतं त्यांना ते वाढवायचं होतं, आणि वाढवायचं म्हणजे पहिल्यांदा रॅम.

रॅम तेव्हा चैनीची वस्तू होती. अमेरिकेत एका मेगाबाइटला 30 डॉलरच्या आसपास पडत. त्याआधी जपानमध्ये एक घटना घडली होती. 4 जुलै 1993 रोजी शिकोकू बेटावरच्या नीहामा गावात सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांवरचं काळं आवरण ज्या इपॉक्सी राळेचं असतं, तिचा जगातला निम्म्याहून जास्त पुरवठा तिथून होत असे. काही आठवड्यांत मेमरीचे भाव जवळपास दुप्पट झाले. साठा होता, पर्यायी कारखानेही होते, पण बाजार घाबरला होता. भाव पूर्ववत व्हायला बराच काळ गेला. विंडोज 95 आलं तेव्हा 4 मेगाबाइटची पट्टी घेणं म्हणजे शंभर डॉलरच्या वरचा खर्च होता.

एवढे पैसे मोजणाऱ्या माणसापुढे दुकानात दोन पट्ट्या ठेवल्या, एकीच्या कडेची टोकं पांढरट राखाडी आणि दुसरीची पिवळीधमक, तर तो कुठली उचलणार? दर थोडा जास्त असला तरी पिवळीच. सोन्याचं वावडं कोणाला असतं? आणि बऱ्याच मशीनांत तीच चूक होती. सहा महिने, वर्षभर सगळं सुरळीत चालायचं आणि मग मशीन कारण नसताना हँग व्हायला लागायचं.

त्या काळच्या पट्टीला सिम म्हणत. मोबाइलमधल्या सिमशी तिचा संबंध नाही. 1983 च्या सुमाराला अमेरिकेतल्या वँग लॅबोरेटरीजमध्ये जेम्स क्लेटन यांनी तिची रचना केली. त्याआधी मेमरीच्या सुट्या चिपा सॉकेटांत एकेक करून दाबून बसवायच्या. मशीन तापलं-निवलं की त्या हळूहळू वर सरकत, आणि दुरुस्तीवाला पेटी उघडून पहिलं काम करायचा ते सगळ्या चिपांवरून अंगठा फिरवण्याचं. सिममुळे चिपा एका छोट्या बोर्डवर डाखाने पक्क्या झाल्या आणि निसटण्याचा प्रश्न सुटला. निदान चिपांपुरता. आता सगळी जबाबदारी पट्टीच्या कडेवर आली. आधी तिथे 30 पिना होत्या, नंतर 72. 486 मशीनला 72 पिनांची एक पट्टी पुरे, पेंटियमला त्याच मापाच्या दोन लागत. या कडेवरच्या तांब्याला काही ना काही मुलामा द्यावाच लागतो, कारण उघडं तांबं हवेत काळवंडतं. तो मुलामा सोन्याचा की कथलाचा, एवढाच प्रश्न होता. पट्टीच्या कडेचा निर्णय पट्टी बनवणारा घेई, सॉकेटमधल्या स्प्रिंगांचा मदरबोर्ड बनवणारा. दोघांची गाठ थेट गिऱ्हाइकाच्या टेबलावर पडायची.

सोनं परवडत असताना कथलाकडे जायचं कारण सराफ बाजाराच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोन्याचा अधिकृत भाव औंसाला 35 डॉलरवर बांधलेला होता. जोडण्या करणाऱ्या कारखान्यांना तेव्हा हात आखडायचं कारण नव्हतं. 1971 मध्ये निक्सन यांनी डॉलर आणि सोन्याची गाठ सोडली आणि जानेवारी 1980 मध्ये भाव 850 डॉलरवर जाऊन आदळला. औंसाला चोवीसपट! कनेक्टरच्या धंद्यातल्या प्रत्येक कंपनीने त्या दहा वर्षांत एकच अभ्यास केला: सोनं कुठे कमी करता येईल, कुठे अजिबात टाळता येईल. मुलामा पातळ झाला, मग सगळ्या पिनेऐवजी फक्त टेकणाऱ्या ठिपक्यापुरता राहिला, आणि जिथे जमेल तिथे कथील आलं.

एका पट्टीवर सोनं असतं तरी किती? ढोबळ हिशेब करून पाहू. 72 टोकं, दोन्ही बाजू धरून 144. एकेक टोक अदमासे 1 मिलिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर लांब. चांगला मुलामा 30 मायक्रोइंचाचा, म्हणजे एका मायक्रॉनच्या पाऊण भागाएवढा. गुणाकार केला तर सोनं भरतं जेमतेम 5 ते 7 मिलिग्रॅम. 1995 चा भाव औंसाला 385 डॉलरच्या आसपास धरला तर सहा ते नऊ सेंट. शंभर डॉलरच्या पट्टीत नऊ सेंटांचं सोनं. मुलाम्याची प्रक्रिया, रसायनं, टाक्या यांचा खर्च वेगळा, तो धातूपेक्षा जास्तच. तरीही लाखांनी मदरबोर्ड काढणाऱ्याला चार सॉकेटांमागे वाचणारे काही सेंट दिसत असतात. मला यात लबाडी दिसत नाही. कथील हा काही हलका माल नव्हता. नीट वापरलं तर ते उत्तम काम देतं, आणि ते कसं देतं हे कळल्याशिवाय पुढचा घोटाळा कळणार नाही.

कथलाशी आपली ओळख जुनी आहे. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात ती याच धातूची. नवसागराने तापल्या भांड्याचा पृष्ठभाग साफ करायचा आणि वर कथील फिरवायचं, की ताक-आमटी कळकत नाही. कथील आंबटाला दाद देत नाही त्याचं एक कारण त्याच्या अंगावर हवेशी संयोग होऊन तयार होणारं अतिशय पातळ ऑक्साइडचं कवच. हे कवच लगेच तयार होतं आणि एका मर्यादेनंतर जाड होत नाही. भांड्याला ते वरदान, विजेच्या जोडाला अडथळा, कारण त्यातून वीज नीट जात नाही. शिवाय ते कठीण असतं. कथील ज्या खनिजातून काढतात ते कॅसिटेराइट म्हणजे कथलाचं ऑक्साइडच; काठिण्याच्या मोजपट्टीवर ते सहा-सातच्या घरात, आणि शुद्ध कथील दीडच्या.

मग कथलाची पिन कथलावर टेकली तर वीज कशी जाते? कोकणात खाजणातल्या चिखलावर उन्हाने खपली धरते. वरून कडक दिसते, पण पाय पडला की भेगाळते आणि खालचा मऊ चिखल भेगांतून वर येतो. कथलाच्या जोडात हेच होतं. दाब पडला की वरचं कवच तडकतं, खालचं मऊ कथील त्या फटींतून वर सरकतं आणि समोरच्या कथलाला भिडतं. स्वीडिश शास्त्रज्ञ रॅग्नर होल्म यांनी आयुष्य घालवून हेच दाखवून दिलं की दोन धातू एकमेकांवर कितीही सपाट टेकलेले दिसले तरी खरी वीज जाते ती काही मोजक्या सूक्ष्म ठिपक्यांतून. होल्म आधी बर्लिनला सीमेन्समध्ये होते, नंतर अमेरिकेत गेले. विद्युत-जोडांवरची जी परिषद 1953 पासून भरते ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जोड चांगला की वाईट हे ठरवायचं म्हणजे हे ठिपके किती आणि ते टिकतात किती, हे पाहायचं.

सोन्याचं गणित वेगळं. त्यावर कवचच येत नाही, त्यामुळे ते फोडायलाही लागत नाही. हलक्या दाबातही काम होतं. मात्र कनेक्टरवरचं सोनं दागिन्यातल्यासारखं मऊ ठेवत नाहीत. त्यात किंचित कोबाल्ट किंवा निकेल मिसळून ते कठीण करतात, आणि खाली निकेलचा आणखी कठीण थर देतात, नाहीतर खालचं तांबं वर झिरपतं. सोन्याचं टोक म्हणजे वरून चकचकीत, आतून कातळ.

आता सोनेरी पट्टी पांढऱ्या सॉकेटमध्ये बसवा. पहिल्या दिवशी मोजलं तर जोड झकास निघतो. पण कॉम्प्युटरच्या पेटीत काहीच स्थिर नसतं. सकाळी मशीन चालू केलं की आतलं तापमान वीस-तीस अंशांनी चढतं, रात्री उतरतं. 72 पिनांची पट्टी 108 मिलिमीटर लांब असते. फायबरग्लासचा बोर्ड 30 अंशांनी तापला तर ती एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत साधारण 50 मायक्रॉनने वाढते. सॉकेटचं प्लॅस्टिक त्याच प्रमाणात वाढत नाही. दोहोंतला फरक पिनांच्या टोकांवर घासला जातो. त्यात पंख्याची आणि हार्ड डिस्कची थरथर. हालचाल डोळ्याला दिसणारी नसते, पण मुलामाच मुळी मायक्रॉनच्या मापात असतो. घासताना मऊ कथील सुटतं आणि कठीण सोन्यावर जाऊन चिकटतं. तिथे त्याचं ऑक्साइड होतं. पुन्हा घासतं, ताजं कथील उघडं पडतं, तेही ऑक्साइड होऊन त्याच जागी साठतं. कथलावरची खपली दाबाने फुटायची कारण खाली चिखल होता. हीच खपली आता कातळावर बसली आहे. ती फुटत नाही, नुसती जाड होत जाते. जो जोड काही मिलिओहमचा होता तो ओहमांत जातो, आणि मधूनच क्षणभर तुटतोही.

कथील-कथील जोडातही हे घासणं होतं, हे सांगायला हवं. पण तिथे दोन्ही बाजू मऊ असल्याने खपली फुटायला वाव राहतो आणि भरपूर दाब दिला तर मुळात हालचालच होत नाही. सोनं-सोनं जोडात ऑक्साइडच नाही. त्रास मिश्रणात आहे, आणि त्या मिश्रणातही दोष सोन्याच्या शुद्धतेचा नाही की कथलाच्या स्वस्ताईचा नाही.

पुष्कळ जण याचं स्पष्टीकरण वेगळं देतात: दोन भिन्न धातू एकत्र आले की विद्युत-घट तयार होतो आणि हलका धातू गंजतो. शाळेतल्या रसायनशास्त्राप्रमाणे ते बरोबरही आहे. कथील आणि सोनं यांच्या प्रमाण विभवांत दीड व्होल्टहून जास्त अंतर आहे. पण घट चालायला मधे ओलावा लागतो, आणि बंद पेटीत, चालू मशीनच्या उबेत तो फारसा नसतो. रत्नागिरीत समुद्राला लागून असलेल्या ऑफिसात जुलै महिन्यात बंद पडून राहिलेलं मशीन असेल तर गोष्ट निराळी. पण हा रोग कोरड्या हवेतल्या वातानुकूलित खोल्यांतही होत होता. तिथे गुन्हेगार घासणंच.

या घासण्याचा शोध कॉम्प्युटरवाल्यांनी लावलेला नाही. 1911 मध्ये इंग्लंडमध्ये ईडन, रोझ आणि कनिंगहॅम हे पोलादाचे नमुने थकवून पाहत होते. नमुना ज्या पकडीत घट्ट धरला होता त्या पकडीत त्यांना तपकिरी भुकटी सापडली. जिथे काहीच हलत नव्हतं अशी समजूत होती, तिथे गंज! 1927 मध्ये टॉमलिन्सन यांनी दाखवलं की याला सूक्ष्म सरकणं पुरतं. पुढे अमेरिकेत डेट्रॉइटहून नव्या मोटारी रेल्वेने लांब पाठवल्या की चाकांच्या बेअरिंगांवर खळगे पडलेले सापडायचे, तेही मोटार एक मैलसुद्धा न चालता. वॅगनमध्ये हादरे खात उभ्या राहिल्यामुळे. जनरल मोटर्सच्या आल्मेन यांनी 1937 मध्ये त्याचा उलगडा केला. बेअरिंगवाल्यांचं हे ज्ञान कनेक्टरवाल्यांपर्यंत पोचायला बराच काळ गेला, कारण सोनं स्वस्त होतं तोवर त्यांना त्याची गरजच पडली नव्हती.

गरज पडल्यावर मात्र त्यांनी पद्धतशीर काम केलं. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गची एएमपी ही तेव्हाची जगातली सर्वांत मोठी कनेक्टर कंपनी. (1999 मध्ये ती टायकोने घेतली.) तिथल्या अभियंत्यांनी सोन्याच्या जोडांसाठी एक नियमावली काढली आणि कथलासाठी दुसरी, बायबलमधल्या आज्ञांच्या थाटात. ती वाचायला मजेची आहे, कारण एकेका आज्ञेमागे कुणाचं तरी पोळलेलं बोट दिसतं. कथलाच्या जोडाला हालू देऊ नका. एकेका टोकावर निदान 100 ग्रॅमचा दाब असू द्या. वंगण लावा. जास्त उष्णतेत कायमचं वापरू नका. मुलामा निदान 100 मायक्रोइंच, म्हणजे अडीच मायक्रॉन ठेवा. बसवताना टोकं एकमेकांवर घासली जातील अशी रचना करा, म्हणजे जुनी खपली निघेल. आणि त्याच यादीत स्वच्छ शब्दांत: कथील सोन्याशी जोडू नका.

100 ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. 72 पिनांना लावून पाहा, 7 किलोच्या वर जातं. एवढा दाब सरळ वरून रेटून द्यायचा तर पट्टी तरी मोडेल नाहीतर अंगठा तरी. म्हणून सिम तिरकी सरकवत आणि मग उभी करत. बाजूच्या खिट्ट्या टक् करून बसत. त्या वळण्यात दाब आपोआप येई. पण त्यात तोटाही होता. तिरकी ठेवून उभी केलेली पट्टी आपल्या सॉकेटमध्ये फारशी घासली जात नाही. म्हणजे दाबाच्या आज्ञेची सोय करताना घासण्याची आज्ञा अर्धीमुर्धी राहिली. ज्याने सॉकेटचा आराखडा केला त्याला हे नक्की माहीत असणार. दोन्ही एकदम साधणं अवघड होतं, आणि कथील-कथील असेल तर ते चालूनही जात होतं.

हे सगळं छापील होतं, गुप्त काहीच नव्हतं. इंटेलच्या काही मदरबोर्डांच्या तांत्रिक पुस्तिकांत कथील-शिसे मुलाम्याचीच सिम वापरा असं लिहिलेलं असे. स्कॉट म्युलर यांच्या दुरुस्ती-ग्रंथात, ज्याची पहिली आवृत्ती 1988 ची, या विषयावर सविस्तर मजकूर आला आणि बऱ्याच तंत्रज्ञांना तो तिथेच पहिल्यांदा कळला. पण पुस्तिका दुकानदाराकडे राहायची, पट्टी गिऱ्हाइकाकडे. आपल्याकडे तर बहुतेक मशीनं असेंबल्ड. मदरबोर्ड एका व्यापाऱ्याकडून, रॅम दुसऱ्याकडून, आणि जुळवणी तिसऱ्याच्या हातची.

पुण्यात तपकीर गल्लीत एका जुन्या कारागिराकडे हा विषय काढला. आता मोबाइलच्या सुट्या भागांचा धंदा करतात, पण नव्वदीत कॉम्प्युटर उघडायचे.

“काका, तेव्हा सोनेरी-पांढरं बघून लावायचात का?”

“कोण बघणार? मिळेल ती लावायची. रॅम हाताला लागणंच मुश्कील होतं.”

“आणि मशीन हँग झालं की?”

“काढायची, खोडरबर मारायचा, लावायची. कार्बन धरायचा ना. दहातली आठ मशीनं तिथल्या तिथे सुटायची. वर साहेब खूश.”

“आणि पुन्हा?”

“पुन्हा येणारच. चार-सहा महिन्यांनी फोन यायचाच. आपलं तेवढंच पाणी.” हसले.

खोडरबराची ही कीर्ती मुंबईत लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीत नेहरू प्लेसपर्यंत सगळीकडे आहे आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पण मशीन सुरू व्हायचं श्रेय रबराचं किती, हे कुणी वेगळं काढून पाहिलं नाही. पट्टी काढून पुन्हा बसवली की टोक नव्या जागी टेकतं आणि खपलीचा थोडा भाग खरवडला जातो. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. रबराने पट्टीवरचं चिकटलेलं ऑक्साइड निघतं खरं, सॉकेटच्या आतलं मात्र निघत नाही. आणि शाईचा खरखरीत रबर वापरला तर पाऊण मायक्रॉनच्या सोन्याला ओरखडे जाऊन खालचं निकेल उघडं पडतं. मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल जास्त सभ्य. काहीही वापरा, धातूंची जोडी तीच राहिली तर भुकटी पुन्हा जमणारच. खरा उपाय एकच होता: टॉर्च मारून सॉकेटमधल्या स्प्रिंगांचा रंग बघायचा आणि त्या रंगाची पट्टी आणायची. पट्टी बदलता येते, मदरबोर्डवर डाख दिलेलं सॉकेट घरी बदलता येत नाही.

या रोगाचं निदान इतकं उशिरा का झालं, यामागे मला एक योगायोग महत्त्वाचा वाटतो. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये आठ बिटांमागे नववा बिट पहाऱ्याला ठेवलेला असे. त्याला पॅरिटी म्हणत. मेमरीतून आलेल्या आठ बिटांचा हिशेब नवव्याशी जुळला नाही की पडद्यावर पॅरिटी चेकचा संदेश येऊन मशीन जागच्या जागी थांबायचं. त्रासदायक, पण प्रामाणिक. चोर मेमरीच्या वाटेने आला एवढं तरी कळायचं. नव्वदीच्या मध्याला रॅम महागल्यावर हा नववा बिट उधळपट्टी वाटू लागला. नऊ चिपांऐवजी आठांत भागत असेल तर कोण सोडणार? 1995 च्या सुरुवातीला आलेल्या इंटेलच्या ट्रायटन चिपसेटने पॅरिटी तपासणंच सोडून दिलं आणि पेंटियमची कितीतरी घरगुती मशीनं त्यावर निघाली. म्हणजे सॉकेटात कथील, पट्टीवर सोनं आणि पहारेकरी रजेवर, हे तिन्ही एकाच हंगामात जमलं. तुटक्या जोडातून चुकीचा बिट आला तर तो आता गुपचूप पुढे जायचा. कधी वर्डची फाइल बिघडायची, कधी निळा पडदा यायचा, कधी नुसतंच मशीन गोठायचं. शिव्या खायचं विंडोज. विंडोज 95 निष्पाप होतं असं मी म्हणणार नाही; पण त्याच्या नावावर जमा झालेल्या पापांत पिनांच्या टोकावरच्या भुकटीचा वाटा किती, हे आता कधीच मोजता येणार नाही.

मेमरीच्या चुकांना भारदस्त कारणं उपलब्ध होतीच. 1978 मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवलं होतं की चिपच्या सिरॅमिक आवरणातल्या किरणोत्सारी अंशांमधून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात. त्यानंतर अंतराळातून येणारे विश्वकिरणही आरोपी म्हणून आले. शोध अस्सल होते. पण कारण न सापडणारी प्रत्येक चूक आकाशावर ढकलायची सवय लागली. 2009 मध्ये बियांका श्रोडर आणि गूगलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीच्या सर्व्हरांची अडीच वर्षांची आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं की वर्षाला आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्या सुधारता येण्याजोग्या चुका करतात आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा पुन्हा चुकते. विश्वकिरण एकाच पट्टीवर असा डूख धरत नाहीत. ही मशीनं सिमच्या खूप नंतरची, त्यात सोन्या-कथलाचा प्रश्न नव्हता; पण चुकीचं मूळ बहुधा पेटीतच असतं, एवढं त्यातून दिसलं.

मेमरीत चुकलं तर फाइल जाते. अमेरिकी हवाई दलाच्या एफ-16 विमानांत मुख्य इंधन-झडपेच्या कनेक्टरमध्ये कथलाच्या पिना सोन्याच्या खोबणीत बसवलेल्या होत्या. त्या जोडात हीच भुकटी साठून झडप वैमानिकाने न सांगता बंद झाल्याचा संशय काही अपघातांच्या संदर्भात घेतला गेला. हवाई दलाचा उपाय बराचसा एएमपीच्या यादीतलाच होता: कनेक्टरवर गंजरोधक वंगण. काही मायक्रॉनच्या हालचालीला एका इंजिनाचं विमान बांधलेलं असू शकतं हे वाचल्यावर रॅमची तक्रार करायला संकोच वाटतो.

सोनंही सर्वगुणसंपन्न नाही, हे इथे नोंदवतो. बेल लॅबोरेटरीजच्या हर्मन्स आणि ईगन यांनी 1958 मध्ये टेलिफोनच्या रिलेंवर प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवलं की पॅलेडियमसारख्या उच्चकुलीन धातूच्या टोकांवरही तपकिरी भुकटी जमते. हवेतल्या सेंद्रिय वाफा घासण्याने तिथेच पॉलिमर होऊन बसतात. सोन्याला हा त्रास बराच कमी. पण मुलामा फार पातळ असेल तर त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, आणि त्यांतून खालच्या धातूचा गंज वर येतो. समुद्रकाठच्या गावांत हे लवकर होतं.

सिमचा प्रश्न शेवटी सुटला तो सिम गेल्यामुळे. 168 पिनांची डिम आली, तिच्या दोन्ही बाजूंची टोकं स्वतंत्र आणि ती सरळ वरून दाबायची. 168 टोकांना प्रत्येकी 100 ग्रॅम म्हणजे जवळपास 17 किलो. कथलाला हवा तो दाब आता शक्यच नव्हता. दोन्ही बाजूंना सोनं आलं. वरून सरळ खाली दाबताना टोकं चांगली घासलीही जातात. आजच्या डीडीआर5 ला 288 पिना आहेत आणि तिथे रंग बघायचा प्रश्न उरलेला नाही. जाडीचा उरला आहे. चांगल्या मालावर 30 मायक्रोइंच, हलक्यावर त्याच्या निम्मा किंवा नुसता झळकीपुरता, आणि खोक्यावर हे क्वचितच लिहिलेलं असतं. पट्टीवर रंगीत दिवे किती आहेत ते मात्र हमखास छापतात.

बऱ्याच लॅपटॉपांनी तर जोडच काढून टाकला आहे. ॲपलने 2012 च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये मेमरी थेट बोर्डवर डाखाने बसवली आणि इतरांनी तीच वाट धरली. घासणं नाही, भुकटी नाही आणि नंतर मेमरी वाढवणंही नाही. डिसेंबर 2023 मध्ये मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने कॅम2 नावाचं नवं मानक जाहीर केलं. त्यात पट्टी उभी खोचण्याऐवजी बोर्डवर आडवी ठेवून स्क्रूने आवळतात. काढता येते, बदलता येते. शेकडो छोटे स्प्रिंग-संपर्क एकाच वेळी दाबले जातात, आणि दाब अंगठ्याऐवजी स्क्रू देतो.

जुनी 486 आणि पहिल्या पिढीची पेंटियम मशीनं जमवणारे छंदिष्ट आता जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. त्यांना मिळणाऱ्या सिम बहुतेक वेळा भंगारातून वाचलेल्या असतात. आणि भंगारात सोनेरी टोकांच्या पट्ट्या आधी उचलल्या जातात. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी त्यांच्या कडा कापून आम्लात घालतात, पाच-सात मिलिग्रॅमसाठी. पांढऱ्या टोकांच्या पट्ट्यांकडे कुणी वळूनही बघत नाही, म्हणून त्या शाबूत राहतात. कथलाची सॉकेटं असलेल्या जुन्या बोर्डांना नेमक्या त्याच लागतात.